अर्ध्या पोळीचं वजन

७ जानेवारी

ताई,

वरचं खोडलेलं तू उजेडात धरून वाचणारच, म्हणून सांगून टाकतो. तिथे 'तीर्थरूप' होतं आणि 'साष्टांग नमस्कार' होता. दोन्ही खोडले. सहा महिने झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. ज्या माणसाशी बोलायचं नाही त्याचा साष्टांग घेऊन तू तरी काय करणार?

भावोजींनी तुझा निरोप दिला. शब्द त्यांनी थोडे मऊ केले होते, पण मी तुला ओळखतो, त्यामुळे मूळचे शब्द मला ऐकू आले. "नानांना घेऊन जातो म्हणतो? आधी स्वतःपुरता वरण-भात शिजवून दाखव म्हणावं. बावन्न वर्षांचा घोडा झाला, गॅस कोणत्या बाजूला उघडतो ते ठाऊक नाही."

गॅस कोणत्या बाजूला उघडतो ते मला ठाऊक आहे. त्या शेगडीची चावी मी तीनदा दुरुस्त केली आहे. पेटवली नव्हती, एवढंच.

आता पेटवली. एक तारखेपासून खानावळीत जाणं बंद केलं आणि रोज घरी शिजवतो आहे. नववीत शाळा सुटलेल्या माणसाने वजनकाट्याचं काम कोणाच्या हाताखाली न राहता शिकून घेतलं. अडीचशे किलोचा काटा उघडून, धुऊन, जोडून पाच ग्रॅमच्या आत आणतो मी. माझ्या दुकानातून गेलेल्या काट्यावर वजनमाप खात्याच्या निरीक्षकाने शिक्का मारायचं नाकारलं असं एकदाही झालेलं नाही. त्या माणसाला तांदूळ शिजवता येणार नाहीत हे तू कशावरून ठरवलंस?

पहिल्या दिवशी काय झालं तेही लिहितो, म्हणजे भावोजींकडून तिखटमीठ लावून कळायला नको. आईच्या वाटीने एक वाटी तांदूळ घेतले, वजन एकशे बेचाळीस ग्रॅम. दोन वाट्या पाणी. कुकरची रिंग तपासली, शिट्टीचं भोक तारेने साफ केलं, झाकण लावलं. बावीस मिनिटं झाली तरी शिट्टी नाही. जळका वास यायला लागला आणि झडपेतलं शिसं वितळून गेलं. तांदळाच्या भांड्यात पाणी मोजून घातलं होतं. कुकरच्या तळाला घातलंच नव्हतं. तळाला पाणी लागतं हे कुठे लिहिलेलं नसतं, कारण सगळ्यांना वाटतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तू हसली असशील. हस. दुसऱ्या दिवशी नवी झडप बसवली आणि भात केला. शीत न् शीत मोकळं.

आता मुद्द्याचं. आई गेल्यावर, घरात पंचवीस माणसं बसलेली असताना, तू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "आई आजाराने नाही गेली. तुझ्या ताटाने गेली." आणि संध्याकाळी नानांची पेटी भरून त्यांना घेऊन गेलीस. मी तेव्हा गप्प बसलो याचा अर्थ मी कबूल झालो असा नाही. आईला कोणी चुलीला बांधून ठेवलं नव्हतं. ती आपणहून उठायची. हे मी आज लिहून देतो आहे, आणि खाली सही करतो आहे.

नाना माझेही वडील आहेत. त्यांना मी इथे आणणार.

तुझा भाऊ


२९ जानेवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मी तुला नऊ प्रश्न विचारले होते, क्रमांक घालून. वरणाला मीठ किती, हळद किती, डाळ आधी किती वेळ भिजवायची, हिंग फोडणीत कधी. तू उत्तर पाठवलंस, "सगळं अंदाजे."

पोस्टाने एवढंच पाठवायचं होतं तर कार्डाची दुसरी बाजू कशाला कोरी ठेवलीस? तीवरही 'अंदाजे' लिहायचं.

अंदाज म्हणजे काय हे मी तुला सांगतो. अंदाज म्हणजे ज्याचं मोजमाप माणसाने कधी लिहून ठेवलं नाही ते. आमच्या धंद्यात अंदाजाने चालणाऱ्या माणसाला लोक दुसरं नाव ठेवतात.

तरी, मी चुकलो. मी पुस्तकातून असं काढलं की पदार्थाच्या वजनाला शेकडा दोन मीठ. डाळ शंभर ग्रॅम, पाणी सहाशे, म्हणून मीठ चौदा. ते सुरुवातीलाच घातलं. उकळून उकळून पाणी आटलं आणि सातशेचे साडेचारशे झाले. मीठ मात्र चौदाच्या चौदा. ते वरण मी तीन दिवस खाल्लं. फेकलं नाही. चूक माझ्या मोजमापाची होती, ती डाळीने का भोगावी? तिसऱ्या दिवशी त्यात बटाटे टाकले, तेव्हा कुठे जिभेवर टेकलं.

आता मीठ शेवटी घालतो, आणि चव घेतो. म्हणजे काय ते तुला समजलंच असेल. पण याला मी अंदाज म्हणणार नाही.

दुकानाच्या समोर पिठाची चक्की आहे. तिथल्या बाई एकट्या चक्की चालवतात, त्यांचा काटा मीच बघतो. मला 'काटेवाले' म्हणतात. परवा माझ्या बोटाला पट्टी बघून त्यांनी चक्कीचा पट्टा उतरवला, चक्की थांबवली आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं विचारलं,

"काय हो काटेवाले, बोट कशात घातलंत?"

"फोडणीत."

"फोडणीत! कशाला?"

"तेल किती तापलं ते बघत होतो."

"अगं बाई! अहो, तेल तापलं का ते मोहरीला विचारायचं. एक दाणा टाकायचा. ती काय ते तडतडून सांगते. तिचा जन्मच त्यासाठी आहे. तुमचं बोट काय तडतडणार होतं?"

रांगेतली सगळी माणसं हसली. मी पण हसलो असतो, पण पट्टीखाली फोड होता.

मोहरीला विचारायचं, हे मात्र बरोबर निघालं. आमच्याकडेही तेच असतं. काट्यावर हात ठेवून कधी कळत नाही, त्यावर प्रमाण वजन ठेवावं लागतं. मोहरी हे प्रमाण वजन आहे. असं कोणी नीट सांगितलं तर मला एका क्षणात कळतं. तू सांगत नाहीस.

वरण-भात झाला. बटाट्याची भाजी, कोबी, मटकीची उसळ, कढी हेही झालं. कढी पहिल्यांदा फुटली, दुसऱ्यांदा नाही. तुझी अट वरण-भाताची होती. ती पुरी झाली. नानांना कधी पाठवतेस?

तुझा भाऊ


२१ फेब्रुवारी

ताई,

"वरण-भातावर म्हातारा माणूस किती दिवस काढेल? त्यांना दोन्ही वेळेला पोळी लागते." असं तू म्हणालीस म्हणे. अट दिली, पुरी केली, की दुसरी अट. ठीक आहे. नाचता येईना अंगण वाकडं असं म्हणायची संधी मी तुला देणार नाही.

पोळी हे वरणासारखं नाही, हे कबूल करतो. वरणात पाणी कमी-जास्त झालं तर निस्तरता येतं. पोळीत कणीक एकदा बिघडली की देवाला हाक मारली तरी उपयोग नाही. पहिल्या आठवड्यात मी चारशे ग्रॅम पिठाला दोनशे चाळीस पाणी असं ठरवून घेतलं होतं. एक दिवस जमायचं, दुसऱ्या दिवशी त्याच मापाने चिखल व्हायचा. वजनं तपासली. काटा तपासला. शेवटी चक्कीत जाऊन भांडलो.

"तुमच्या पिठात काहीतरी फरक आहे."

"आहेच," बाई म्हणाल्या. "काल तुम्ही गरम पीठ नेलंत, आज गार. काल गहू जुना होता, आज नवा आलाय. पीठ काय तुमचं लोखंडी वजन आहे? ते हवा पितं."

"मग पाणी किती घालायचं?"

"पीठ सांगेल तेवढं."

"पीठ मला काही सांगत नाही."

"कारण तुम्ही सारखे त्याला सांगत असता, काटेवाले!"

मग त्यांनी एका परातीत मूठभर पीठ घेतलं आणि मला उभ्या उभ्या मळायला लावलं. चक्कीतल्या बायका जमल्या. एकीने माझ्या कोपराला धक्का देऊन सांगितलं, "भाऊ, बोटांनी काय गुदगुल्या करताय, तळव्याने दाबा." मी दाबलं. बावन्न वर्षांत अकरा माणसांसमोर एवढं काही केलं नव्हतं. पण मान खाली घातली नाही, हे लिहून ठेव.

सत्तेचाळीस पोळ्या वाईट झाल्या. त्या सगळ्या मी खाल्ल्या. अठ्ठेचाळिसावी फुगली. तीस ग्रॅमचा गोळा, दोन घड्या, मध्ये तेलाचं बोट आणि चिमूटभर पीठ, अठरा सेंटिमीटर व्यास. तव्यावर ती पोटात वारा भरल्यासारखी वर आली तेव्हा घरात मी एकटाच होतो. कोणाला हाक मारणार? तिलाच 'शाबास' म्हटलं.

भावोजी कामाला इकडे आले आहेत, त्यांच्याबरोबर आठ पोळ्या पाठवतो आहे. कापडात गुंडाळून, डब्यात. त्या नानांना वाढ. तूही एक खा. मग बोल.

तुझा भाऊ


२ मार्च

ताई,

तुझं उत्तर मिळालं. पुढच्या बाजूला तीन शब्द.

"काठ जाड आहेत."

मी पत्र मिटलं, दुकान बंद केलं, घरी जाऊन पोळी केली आणि तिला जाडी मोजायचा कॅलिपर लावला. मधे एक पूर्णांक एक मिलिमीटर. काठाला एक पूर्णांक सहा. तू खरी आहेस.

पण तुला काठाचं पडलेलं नव्हतं. ते शब्द माझे आहेत. तू घरी यायचीस तेव्हा दर वेळी ते माझ्या तोंडून ऐकलेस. मी पोळी उचलायचो, उजेडात धरायचो, आणि आई तव्याकडे तोंड करून उभी असायची. तू ते शब्द इतकी वर्षं जपून ठेवलेस आणि बरोबर वेळ साधून परत केलेस. नेम चांगला आहे तुझा. लागला.

म्हणून आता मी ते लिहितो, जे मी जानेवारीत लिहिलं नाही.

त्या दिवशी आईला ताप होता. दोन दिवस होता. ती उभी राहू शकत नव्हती म्हणून स्टुलावर बसून लाटत होती. मला ते दिसत होतं. चार पोळ्या झाल्या. मी एक उचलली आणि म्हणालो, "आज काठ जाड आहेत." रागाने नाही म्हणालो. नेहमीसारखंच म्हणालो. तिने परत कणीक घेतली. मी पेपर उघडला. लाटणं खाली पडल्याचा आवाज आला. मी पेपरचं पान उलटत होतो. ते पूर्ण उलटलं, आणि मग उठलो.

एवढंच आहे. नानांनी तुला सांगितलं असेल तर तुला माहीत आहे. नसेल सांगितलं तर आता माहीत झालं.

पण एक ऐक. आई माझ्या ताटाने गेली हे मी अजूनही कबूल करत नाही. तिचं हृदय आधीच थकलेलं होतं, डॉक्टरांचा कागद माझ्या पेटीत आहे. मी तिला उठवलं, एवढं माझं. तेवढं मी घेतो, पूर्ण घेतो, त्यात एक ग्रॅमही सूट मागत नाही. जे माझं नाही ते घेणार नाही. आणि हेही सांगतो, दर रविवारी तू माहेरी येऊन "आई, तुझ्या हातची कढी कर ना" म्हणायचीस तेव्हा स्टुलावरून तिला कोण उठवत होतं? मी एकटा बसलेलो नव्हतो त्या घरात.

रागाव. पण वाच.

पत्राच्या मागच्या बाजूला तू अट लिहिली आहेस ती मी पुन्हा इथे उतरवतो, म्हणजे मागाहून वाद नको. नाना एक महिना माझ्याकडे राहणार. आले की वजन, महिना झाला की वजन. एक ग्रॅमही घटलं तरी नाना परत तुझ्याकडे, आणि मी पुन्हा कधी त्यांना मागायचं नाही.

मंजूर. सही केली आहे. काटा माझा असेल, पण त्यावर सरकारी शिक्का आहे, आणि पहिलं वजन भावोजींसमोर होईल.

तुझा भाऊ


१९ मार्च

ताई,

नाना पंधराला आले. भावोजींसमोर वजन केलं, चपला काढून, कोट काढून, नाश्त्याच्या आधी. चोपन्न किलो तीनशे ग्रॅम. नाना काट्यावर उभे राहून म्हणाले, "मी काय गव्हाचं पोतं आहे?" भावोजी म्हणाले, "पोतं असतात तर भांडण कमी झालं असतं."

त्यांची खाट मी खिडकीजवळ लावली आहे. सकाळी सातला चहा, नऊला नाश्ता, साडेबाराला जेवण, रात्री साडेसातला परत. कवळीला त्रास होतो म्हणून भाजी बारीक चिरून जास्त शिजवतो. दुपारी जेवून ते माझ्याबरोबर दुकानात येतात, स्टुलावर बसतात आणि गिऱ्हाइकांना सांगतात की हा माझा मुलगा कोणाकडे शिकलेला नाही. मी त्यांना बोलू नका म्हणतो, पण जोरात म्हणत नाही.

आता अडचण. रोज दोन्ही जेवणांना नाना अर्धी पोळी टाकतात. मी दोन वाढतो, ते दीड खातात. ताटाच्या डाव्या कडेला अर्धी नीट घडी करून राहते. मी ती वजन करतो. पहिल्या दिवशी चौदा ग्रॅम. दुसऱ्या दिवशी पंधरा, रात्री तेरा. म्हणजे भूक कमी आहे असं नाही. भूक कमी असती तर कधी पाव राहिली असती, कधी पाऊण. रोज नेमकी अर्धी, याचा अर्थ दोष पोळीत आहे. मी असा विचार केला.

काठ पातळ केले. तरी अर्धी. कणकेत दूध घातलं. तरी अर्धी. गोळा पंचवीसवर आणला, म्हणजे पोळ्या लहान. तर लहान पोळीची अर्धी! त्यांना विचारलं, "कडक होते का?" म्हणाले, "छान आहे." "ताईकडची मऊ असते का?" "छान आहे." "कोणती?" "दोन्ही छान आहेत." असं बोलणाऱ्या माणसाबरोबर आईने पंचावन्न वर्षं काढली.

तुझ्याकडे नाना पूर्ण खायचे का, ते कळव. अंदाजे लिहिलंस तरी चालेल.

तुझा भाऊ


३१ मार्च

ताई,

तू कळवलंस, "माझ्याकडेही टाकतात. मी मुंग्यांना घालते." तेव्हा मी थोडा निश्चिंत झालो. लाज वाटते सांगायला, पण झालो. दोष माझ्या एकट्याच्या पोळीत नाही, एवढंच मला दिसलं.

काल चिडून सरळ विचारलं. हातात काटा होता, काट्यावर ती अर्धी पोळी.

"नाना, रोज अर्धी पोळी का टाकता? एकदा सांगून टाका. मी उद्यापासून गहू बदलतो."

"टाकतो कुठे?" ते म्हणाले. "ठेवतो."

"कोणाला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी या घरात वाढलोच नाही असं पाहिलं. मग म्हणाले, "ती मागून बसायची. आपलं झाल्यावर. डब्यात कधी दोन असायच्या, कधी एकच. विचारलं तर म्हणायची, भरपूर आहेत. तू तर गरम दुसरी मागायचास, तिसरी मागायचास. तुला काय बोलायचं? म्हणून मी अर्धी ठेवायचो. भरपूर असोत नसोत, तेवढी तरी."

"आणि आता?"

"आता काय. हात थांबतो तिथे."

ताई, त्या ताटासमोर मी पन्नास वर्षं बसलो. समोरच्या पारड्यात दोन ग्रॅमचा फरक मला दुरून दिसतो. परक्या माणसाच्या पिशवीतला वाण्याचा घोटाळा मी पैज लावून सांगतो. आणि माझ्या बापाच्या ताटातली अर्धी पोळी मला दिसली नाही. आई कधी बसते, काय उरतं, हे मला एकदाही दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा दिवा तर विझलेलाच होता.

तुलाही नव्हती दिसली, हे तुला टोचायला लिहीत नाही. तू मुंग्यांना घालायचीस. मी वजन करायचो. दोघांचं सारखंच.

आणखी एक गोष्ट कळली. माझ्या मते पोळी तव्यावरून सरळ ताटात आली पाहिजे. गार पोळी मी आयुष्यात शिवलो नाही. नाना आले तेव्हापासून मीही तसंच करत होतो. ते जेवायचे, मी शेगडीपाशी उभा, एकेक पोळी टाकत. काल संध्याकाळी उभ्या उभ्या कळलं. गरम पोळी पानात पडते तेव्हा कोणीतरी उभं असतं.

आजपासून सगळ्या पोळ्या आधी करून कापडात ठेवतो, शेगडी बंद करतो, दोन ताटं घेतो आणि दोघं एकदम बसतो. नाना पहिल्यांदा घोटाळले. "तू बस, मी थांबतो," म्हणाले. मी म्हटलं, "डब्यात अजून चार आहेत, उघडून बघा." त्यांनी खरंच उघडून बघितला. मोजल्या. मग दोन्ही पोळ्या खाल्ल्या.

पोळ्या गार होत्या. मी चार खाल्ल्या.

तुझा भाऊ


१५ एप्रिल

ताई,

भावोजी आज येणार होते, पण त्यांना काम निघालं, असा निरोप आला. म्हणजे महिन्याचं वजन घेताना मी आणि नाना, दोघंच.

चपला काढल्या, कोट काढला, नाश्त्याच्या आधी. दुकानातला तोच काटा. आधी प्रमाण वजनांनी तपासला. ती पितळी वजनं मी चिमट्याने उचलतो, हाताचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणून. काटा बरोबर होता. नाना वर उभे राहिले. मी दांडीवरचं वजन चोपन्न-तीनशेवर सरकवलं. दांडी खाली बसली. दोनशे केलं, खालीच. शंभर. असं करत करत त्रेपन्न-सातशेला ती सरळ झाली.

सहाशे ग्रॅम कमी.

परत केलं. तेवढंच. तिसऱ्यांदा केलं. तेवढंच.

नाना खाली उतरले. ते वजन त्यांनीही वाचलं, डोळे अजून शाबूत आहेत त्यांचे. काट्याखाली एक स्क्रू असतो. अर्धा फेरा दिला की सहाशे-सातशे ग्रॅम इकडचे तिकडे होतात. नाना हा स्क्रू ओळखतात, महिनाभर स्टुलावर बसून त्यांनी दुसरं काय पाहिलं? ते हळूच म्हणाले,

"फिरव की."

मी ऐकलं नाही असं केलं.

"अरे, लोकांचे काटे आयुष्यभर सरळ करत आलास. एकदा बापासाठी वाकडा कर. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय, नाना."

"मला इथे राहायचंय."

हे ते पहिल्यांदा बोलले. महिन्यात पहिल्यांदा 'छान आहे' सोडून स्वतःला काय हवंय ते बोलले. आणि मी स्क्रूला हात लावला नाही. नाना कोट घालून बाहेर जाऊन बसले. जेवायला मात्र आले.

माझ्याकडे कारणं आहेत. ते रोज दुकानापर्यंत चालत येतात, तुझ्याकडे ते खोलीबाहेर पडत नव्हते. त्यांच्या पायाची सूज उतरली आहे, आणि सूज म्हणजे पाणी, आणि पाण्याला वजन असतं. डॉक्टरीणबाईंनी काल तपासलं आणि म्हणाल्या, म्हातारे उलट तरतरीत दिसतात. हे सगळं खरं आहे. पण करारात कारणांना जागा नव्हती. 'एक ग्रॅमही घटलं तरी' असं मी माझ्या हाताने उतरवून त्याखाली सही केली आहे. सहाशे घटले. मी हरलो.

हे मी लिहिलं नसतं तर तुला कळलं नसतं. म्हणूनच लिहिलं. आईला मी फक्त चुकांच्या पारड्यात तोललं. नानांना खोट्या काट्यावर ठेवून जिंकायचं नाही मला.

तू शनिवारी ये आणि नानांना घेऊन जा. मी अडवणार नाही. पेटी भरून ठेवतो. ते तुझ्याशी धुसफुसतील, तर ते माझ्यावरचं आहे असं समज.

आता करार परत वाच. मी नानांना परत मागणार नाही असं त्यात आहे. बरोबर? मी तुझ्या घरी येणार नाही असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. तुझ्या स्वयंपाकघरात शिरणार नाही असंही नाही. मी तीनदा वाचलं आहे.

तेव्हा येत्या रविवारी सकाळी साडेनऊला मी येतो आहे. नंतरच्या रविवारीही येईन, आणि त्याच्या नंतरच्याही. पीठ माझं, डाळ माझी, हिंगाची डबी माझी. तुझ्या घरी कोण कधी जेवायला बसतं ते नानांनी मला सांगितलं आहे. भावोजी आधी, मग दोन्ही मुलं, मग नाना, आणि तू ताटं उचलून झाल्यावर, ओट्याला टेकून, उभ्यानेच. रविवारी पाच ताटं मांडायची आणि पाचही जणांनी एकदम बसायचं. वाढणारा मी, आणि वाढून झालं की सहावा मी. तुला जागेवरून उठायचं नाही. पाणीसुद्धा मी देईन. भावोजींना गरम पोळी लागते हे मला माहीत आहे. त्यांना गारच मिळेल. काही म्हणाले तर त्यांचं मी बघून घेईन.

तू दार लावून घेशील असंही होऊ शकतं. ते तुझं दार आहे. पण घरात पाऊल टाकू न देता तू मला परत पाठवू शकशील असं समजू नकोस. माझ्याकडे एक बर्नरची शेगडी आहे, लहान सिलिंडर आहे, तवा आणि परात आहे. तुझ्या दारातली पायरी दीड फूट रुंद आहे, मी मागच्या वेळी बघितली आहे. तिथे बसून पोळ्या लाटीन. शेजाऱ्यांना काय सांगायचं ते तू ठरव.

तुझा भाऊ